खुंट्यावरचा हात

“हवा जास्त भरलीस लेका.”

सातूअण्णांनी माझ्या पुढच्या चाकावर अंगठा दाबून पाहिला आणि नाक मुरडलं. “घाटात डांबर पाघळलं असंल आज. असल्या टणक टायरवर वळणात नाचशील, वरातीत नाचल्यागत.”

“आज तुम्ही माझे वैरी आहात अण्णा. मला कशाला शिकवताय?”

“वैरी असलो म्हणून पडू देऊ व्हय?” ते खाली बसले, थोडी हवा सोडली, अंगठा दाबला, आणखी थोडी सोडली. पाडाचा आंबा चाचपावा इतका तो अंगठा हलका होता. “हां. आता कसं, रस्त्याशी बोलंल.”

चिपळूणच्या त्या मैदानावर आम्ही बासष्ट सायकलवाले मांडवाच्या कनातीची सावली धरून उभे होतो. एप्रिलचा तिसरा आठवडा. उन्हं चढायच्या आत घाट संपावा म्हणून अनेक दिवसांच्या त्या शर्यतीचा आजचा टप्पा सकाळी साडेसहाला सुटायचा होता. पण झेंडा दाखवणारे पाहुणे वाटेत कुठंतरी खोळंबले होते, आणि नऊ वाजले तरी ध्वनिक्षेपकावर “आत्ता पोचतायत, आत्ता पोचतायत” एवढंच चाललं होतं. बाटल्यांमधलं पाणी कोमट झालं होतं.

तेवीस वर्षं झाली त्याला. त्या सकाळचं मला सगळ्यांत जास्त काय आठवत असेल, तर तो अंगठा.

सातगोंडा मगदूम त्यांचं पूर्ण नाव. माझ्याच गावचे, कृष्णाकाठचे. पहाटे सायकलच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवून सांगलीला रतीब घालायचे आणि परत येताना रिकाम्या किटल्या खडखडवत असे सुटायचे, की एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून सलाम करायचा. त्या खडखडाटाच्या मागं मी चौदाव्या वर्षापासून लागलो. माझं नाव शीतल. आमच्याकडं हे पुरुषाचंच नाव. पण मुंबईच्या टायर कंपनीनं मला संघात घेतलं तेव्हा पहिल्या दिवशी माझ्यासाठी बाईच्या मापाची जर्सी काढून ठेवली होती. ही गोष्ट अण्णांनी गावभर सांगितली आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसले.

सायकलच्या शर्यतीत माणूस माणसाशी नंतर झुंजतो, आधी वाऱ्याशी. पुढचा वारा फोडतो. मागचा त्याच्या चाकाला चाक लावून त्या भोकातून जातो, तिसरा हिस्सा ताकद वाचवून. “पुढचा वारा खातो, मागचा पोळी खातो,” अण्णा म्हणायचे. म्हणून आळीपाळीनं पुढं यायचं, हा रस्त्याचा धर्म. आणि म्हणूनच प्रत्येक संघात काही माणसं नुसती वारा खाण्यासाठी ठेवलेली असतात. अण्णा त्यांतले. साखर कारखान्याच्या संघात सतरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांसाठी वारा खाल्ला, दुसऱ्यांना पाणी नेऊन दिलं, कप्तानाचं चाक बसलं की आपलं काढून दिलं. एक टप्पासुद्धा त्यांच्या नावावर नव्हता.

“वामन गेला काल घरी,” सावलीत सरकत ते म्हणाले. वामन त्यांचा कप्तान. “हगवणीनं पार पिळून निघाला. म्हणजे आज माझ्यावर कुणाचं ओझं न्हाई. सतरा वर्षांत पयल्यांदा.”

“मग?”

“मग काय. आज मी सुटणार.” इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज बारीक केला. “ही माझी शेवटची शर्यत. एक्केचाळीस पुरी झाली. घरी गेलो की पोरी विचारत्यात, बाबा कितवा नंबर? मी म्हणतो, आम्ही जिंकलो. धाकटी म्हणते, आम्ही न्हवं, तुम्ही कितवं? एकदा तरी त्या टवळीला उत्तर द्यायचंय बघ.”

मी हसलो. मला खरंच वाटलं, की व्हावं असं.

“शीतल!” कोरगावकर सर हाक मारत होते.

कोरगावकर आमचे व्यवस्थापक. शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही. त्यांनी मला जीपच्या मागं नेलं. “आज पहिली जी तुकडी सुटेल तिच्यात तू हवास. पण ओढायचं नाही. आपला कप्तान थापा, आतापर्यंतच्या टप्प्यांत पहिला, पिवळी जर्सी घालून मागे झुंडीत असेल. कप्तान मागे असताना तू पुढच्यांना मदत करायचं काही कारण नाही. कुणी पुढे ये म्हटलं तर सांग, माझा कप्तान मागे आहे. हे नियमात बसतं, रिवाजातही बसतं. नुसता चाकाला चिकटून राहा.”

“आणि शेवटपर्यंत राहिलो तर?”

“तर तूच जिंकशील, कारण तू एकटाच ताजा असशील.” त्यांनी हातातली वही मिटली. “शीतल, घाट चढणारे दोघं आहेत आपल्याकडे. कंपनी पुढच्या वर्षी एकालाच कायम करणार आहे. मी टप्प्याबद्दल लिहू शकतो. मेहनतीबद्दल लिहिलेलं कुणी वाचत नाही.”

परत आलो तेव्हा अण्णांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. “चिकटून राहा म्हणाले न्हवं?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मी त्यांच्या जागी असतो तर त्येच सांगितलं असतं. त्यात लाजायचं काय?” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “जित्राबाला जुंपलं की जित्राबानं विचारू नये, कुणाचं शेत.”

साडेनऊला झेंडा हलला.

पहिला पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता डोंगराच्या पायथ्यानं वर-खाली करत जाणारा होता. काजूची झाडं, करवंदीच्या जाळ्या, आणि अंगाला ओल्या फडक्यासारखी चिकटणारी कोकणची हवा. अण्णा झुंडीत कुठंतरी मागं होते. मला ठाऊक होतं ते कधी येतील. घाटाच्या अलीकडं दोन किलोमीटरवर एक अरुंद पूल होता. आदल्या संध्याकाळी टेम्पोनं जाऊन आम्ही दोघांनी तो पाहिला होता. तेव्हा कठड्यावर बसून अण्णा म्हणाले होते, “हितं झुंडीची माळ होणार. पयल्या पाचांत असलास तर घाट तुझा. पन्नासावा असलास तर वर जाईस्तोवर दुसऱ्याच्या बुडाकडं बघत ब्रेक दाबत बसशील.”

पूल दिसला आणि डाव्या कडेनं, मातीतून, अण्णा वर आले. कुणाला धक्का नाही, आरडाओरडा नाही; गर्दीतून दुधाची सायकल काढायची सवयच त्यांची. पुलावर ते पहिले होते. मी त्यांच्या चाकावर. आमच्या मागं आणखी तिघं. पूल संपला तेव्हा आम्ही पाच जण सुटलो होतो आणि झुंड पुलाच्या तोंडाशी अडकून शिव्या देत होती.

“आलास व्हय,” मागं न बघता अण्णा म्हणाले.

“आलो.”

वाघजाईचा घाट अकरा किलोमीटरचा. पहिल्या तीन वळणांतच एक जण गळला, सहाव्याला दुसरा. तिसरा बराच वेळ टिकला. देवीच्या घुमटीपाशी तो एकाएकी थांबला आणि कठड्याला टेकून ओकला. मग उरलो आम्ही दोघं. ऊन थेट डोक्यावर. एका बाजूला तापलेला कातळ, भट्टीच्या तोंडासारखा. खरंच डांबर पाघळलं होतं. चाकाखाली चिकट चर्र आवाज येत होता, आणि हवा बरोबर होती माझ्या टायरमधली.

अण्णा गुणगुणत होते. चढावर ते नेहमी ओवी म्हणत, त्यांच्या आईची. ओवीच्या दोन ओळींत पाय किती वेळा फिरावेत हे त्यांचं ठरलेलं असे.

जड जातं बाई, दोघी मिळूनी ओढावं
एकलीच्या जीवावरी, ओझं कसं गं सोडावं

“शितल, ये जरा पुढं,” ओवी संपवून ते म्हणाले.

“माझा कप्तान मागं आहे अण्णा.”

“व्हय की. इसरलोच.” एक वळण गेलं. “माझ्या आईकडं एक शेजारीण यायची दळाय. गळा असा गोड, की रस्त्यानं जाणारा थांबावा. पण खुंट्याला नुसता हात ठेवायची बघ. जोर लावायचीच न्हाई. आईला वाटायचं, आज जातंच जड हाय. वरसभर कळलं न्हाई तिला.”

“मग कळलं कसं?”

“एक दिस ती आली न्हाई, तरी जातं तेवढंच जड लागलं.” ते हसले. हसताना धाप लागली. “ती निदान गात तरी होती. तू गा की काय तरी.”

मी गायलो नाही. त्यांच्या मागच्या चाकाकडं बघत राहिलो. शर्यतीत दोन वीत अंतरावरचं ते चाक म्हणजेच सगळं जग असतं.

घाटमाथ्यावर पाणी वाटणारे उभे होते. अण्णांची बाटली घाटातच संपली होती; पहिला हात त्यांचा गेला. बाटली बोटांना लागली, निसटली आणि डांबरावरून उताराकडं घरंगळत गेली. त्यांनी एकदा मान वळवली. थांबले असते तर दहा सेकंदांत मिळाली असती. पण ते थांबले असते तर मी थांबलो नसतो, हे दोघांनाही माहीत होतं. मागून येणाऱ्या माझ्या हातात बाटली नीट बसली. त्यांच्या कारखान्याची जीप घाटात तापून बॉनेट उघडून उभी होती, ती खाली सातव्या वळणावर आम्ही पाहिली होती. तेव्हा अण्णा म्हणाले होते, “तिला बी पाणी पायजे.”

पुढं सतरा किलोमीटर सपाटी. आणि समोरून देशावरचा कोरडा, कढत वारा.

चढावर वाऱ्याचं फार चालत नाही. सपाटीवर तोच राजा. झाड नाही, घर नाही. नांगरून उलथलेली ढेकळं आणि वर पांढरं आभाळ. पंचांची मोटरसायकल जवळ आली, मागं बसलेल्यानं फळा दाखवला. खडूनं लिहिलं होतं: एक मिनिट चाळीस. एवढे आम्ही झुंडीच्या पुढं होतो.

“शितल, दोन मिण्टं ये. दोनच. मान उचलू दे.”

“अण्णा...”

“बरं बरं.”

पाच किलोमीटरनंतर फळ्यावर एक मिनिट दहा. आमची जीप भुर्रकन शेजारी आली, कोरगावकर खिडकीतून बाहेर झुकले. “मागचे ओढतायत, पण पोचणार नाहीत. टप्पा तुझा आहे. शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत हलू नकोस.”

“सर, अण्णा थकलेत.”

“थकायलाच हवेत,” ते म्हणाले, आणि जीप मागं पडली.

त्यानंतर अण्णांची ओवी थांबली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या शर्यतीच्या दोन वर्षं आधी हरिपूरच्या रस्त्यावर सराव करताना अण्णा असेच माझ्यापुढं होते. एकाएकी त्यांची मान पडली, चाक डगमगायला लागलं, तोंडातून नुसती हवा यायला लागली. “शितल, पाणी हाय का रं,” ते कसेबसे म्हणाले. मी घाबरून हँडलवरचा हात काढला, बाटलीसाठी खाली वाकलो, आणि वर बघतो तर अण्णा चाळीस हात पुढं, उभे राहून पायडल मारतायत, आणि हसण्याचा आवाज वाऱ्यावर मागं येतोय. पुढच्या चिंचेखाली ते माझी वाट बघत बसले होते. “शर्यतीत मेलेल्यावर इश्वास ठेवायचा न्हाई,” डोळे पुसत ते म्हणाले. “मान टाकंल, डगमगंल, गप्प होईल. गप्प झाला की समज, आता सुटणार. आणि पाणी मागितलं, तर हात हँडलवरनं काढायचा न्हाई. देव मागू दे.” मग मला उसाचा रस पाजला.

तर, अण्णा गप्प झाले. मी गिअर एकानं खाली घेतला आणि तयार राहिलो.

त्यांचं चाक डगमगायला लागलं. कडेच्या मुरमाकडं जायचं, परत यायचं. मी ओळखलं, मला मुरमावर घालायचा डाव आहे. मी उजवीकडं सरकलो. त्यांच्या पाठीवरची जर्सी घाटात चिंब होती. आता वाळून तिच्यावर मिठाचे नकाशे उठले होते. मानेवर घामाचा एक थेंब नव्हता. मनात आलं, काय माणूस आहे, चाळिशी उलटली तरी घामसुद्धा थांबवून धरलाय, शेवटासाठी राखून ठेवलंय सगळं. आणि त्यांच्या दंडावर, त्या तव्यासारख्या उन्हात, काटा आला होता. थंडीत येतो तसा, लव उभी राहिलेली. तेवढं मात्र मला कशात बसवता आलं नाही. मी त्याच्याकडं बघितलं आणि परत चाकाकडं बघायला लागलो.

फळ्यावर पंचावन्न सेकंद. रस्त्याकडेच्या दगडावर पाच किलोमीटर.

“शितल.” आवाज ओळखू येत नव्हता. “पाणी हाय का रं.”

माझ्या बाटलीत पाणी होतं. चालताना ते डुचमळत होतं, मला ऐकू येत होतं; त्यांनाही येत असणार. माझा उजवा हात हँडलवरून बोटभर उचललाही गेला. मग मी हसलो. खरंच हसलो, मोठ्यानं, हरिपूरच्या रस्त्यावर तेव्हा न हसलेलं हसू.

“नाही अण्णा. देव मागू दे. तुमचाच चेला आहे मी.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ओठ फुटले होते. डोळे माझ्यावर होते, पण मी जिथं होतो त्याच्या थोडे पलीकडं बघत होते. आणि मग त्यांच्या तोंडावर ते नेहमीचं हसू हळूहळू आलं, फार लांबून चालत यावं तसं.

“चांगला शिकलास,” ते म्हणाले.

मान पुन्हा पुढं गेली. आणि ते ओढत राहिले. पाच किलोमीटर, वाऱ्यात, एकटे. वेग कमी झाला नाही. मी पुन्हा पुन्हा सांगेन, वेग कमी झाला नाही. मेलेला माणूस असा ओढतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गावाची कमान दिसली. माणसं, पताका, सनईची ध्वनिफीत. दोनशे मीटरचा पांढरा पट्टा चाकाखालून गेला आणि मी सुटलो. त्यांच्या शेजारून जाताना मला वाटलं, आता येतील, आता उठतील. बगलेखालून मागं बघितलं. ते उठले नाहीत. मी एकट्यानं रेघ ओलांडली आणि दोन्ही हात वर केले.

वळून पाहिलं तेव्हा अण्णा येत होते. नागमोडी. मागची झुंड अजून दिसत नव्हती. रेघ ओलांडून ते दुसरे आले. पण थांबले नाहीत. माणसं बाजूला झाली, ते सरळ पुढं जात राहिले, रस्ता वळला तिथं वळले नाहीत, आणि एका चिंचेच्या बुंध्याला हळूच टेकल्यासारखे लागून आडवे झाले. पाय पायडलच्या पट्ट्यांत तसेच अडकलेले. मी पोचलो तेव्हा ते अजून फिरवायचा प्रयत्न करत होते.

अंगाला हात लावला. चटका बसला.

मी बाटली काढली. ती अर्धी होती. तोंडाला लावली, पाणी गालावरून मातीत गेलं. “प्या अण्णा, प्या, संपली शर्यत, संपली.” गळ्यात गिळण्याची हालचाल नव्हती. शर्यतीची रुग्णवाहिका झुंडीच्या मागं घाटात होती. एका टेम्पोत घालून त्यांना तालुक्याला नेलं. सगळ्या वाटेनं मी पंचा भिजवून कपाळावर धरत होतो आणि तो वाळत होता.

दुपारी चार वाजता ते गेले.

तिथल्या डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, “पडण्याच्या निदान अर्धा तास आधीपासून लक्षणं असणार. घाम थांबतो. बोलणं तुटतं. उन्हात अंगावर काटा येतो. त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं?”

“मी होतो.”

“मग दिसलं नाही तुम्हाला?”

“मी मागं होतो,” मी म्हणालो.

रात्री उशिरा आम्ही त्यांना गावी आणलं. दुसऱ्या दिवशी, दिवस वर यायच्या आत, तिरडी उचलली. आमच्या गावात घरापासून नदी दोन किलोमीटरवर आहे, वाट मळ्यांतून जाते. चालीचा रिवाज असा, की दर शंभर पावलांवर खांदा बदलायचा. मागचे पुढं येतात, पुढचे मागं जातात. गावातल्या प्रत्येकाला थोडं थोडं ओझं मिळतं आणि कुणाला जड होत नाही.

मी पुढच्या उजव्या दांड्याखाली होतो. पहिल्या शंभर पावलांवर कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. “शितल, खांदा दे.”

“नको.”

चिंचेपाशी पुन्हा. “दे बाबा, काल शर्यत मारून आलायस.”

“नको.”

विहिरीपाशी त्यांचा कप्तान वामन आला, आजारानं पिवळा पडलेला, रडून डोळे सुजलेला. “माझ्यासाठी सतरा वर्षं ओढलंय त्यांनी. एकदा घेऊ दे रं.”

मी त्यालाही दिला नाही. बाकी तीन कोपरे बदलत राहिले, माझा बदलला नाही. बांबू हाडात रुतला, सदरा ओला झाला. समोरून वारा येत होता, नदीवरचा, सकाळचा, गार. काही फोडावं लागत नव्हतं त्याला. घाटावर तिरडी उतरवली तेव्हा माझा हात वर होईना.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून झाल्यावर मी अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या बायको, पद्मावहिनी, सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. खुंटीला अण्णांची सायकल. कुणीतरी तिची माती पुसली होती. धाकटी पोर, सात-आठ वर्षांची, आतून वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आली आणि माझ्यापुढं धरलं. निकालाच्या बारीक अक्षरांत पहिल्या ओळीत माझं नाव होतं. तिनं बोट दुसऱ्या ओळीवर ठेवलं होतं.

“बाबा दुसरे आले,” ती म्हणाली. “आम्ही न्हवं. ते.”

मी मान हलवली.

मला वहिनींना सांगायचं होतं. वाटेनं मी वाक्य जुळवत आलो होतो. वहिनी, त्यांनी पाणी मागितलं होतं. एवढंच. पुढचं आपोआप आलं असतं.

“वहिनी,” मी म्हणालो.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना वाटलं, मी सांत्वनाचं काही बोलणार.

“बोलू नगंस. मला समदं कळलं.” मी मान वर केली. “गावातली माणसं सांगत हुती. घरापासनं नदीपतोर तू खांदा कुणाला दिला न्हाईस म्हणं. वामनला बी न्हाई.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “तवा माझा जीव जरा थाऱ्यावर आला बघ. दोन राती एकच घोकत हुते, शेवटाला एकटं पडलं असतील का, वाऱ्यात एकटं ओढत असतील का. म्हटलं, न्हाई. शितल हुता संगं. ज्यानं मेल्यावर खांदा सोडला न्हाई, त्यो जित्यापणी एकट्याला ओढू दील व्हय?”

जुळवून आणलेलं वाक्य तोंडात होतं. मी ते गिळलं.

महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. मी कायम झालो. पुढं अकरा वर्षं सायकल चालवली. कोरगावकरांनी टप्प्याबद्दल चांगलं लिहिलं होतं.

पण त्या दिवशी वहिनी उठल्या, आत गेल्या आणि पितळी तांब्या भरून घेऊन आल्या. माठातलं पाणी, बाहेरून दव धरलेलं.

“नदीवरनं आलायस उन्हाचं,” त्या म्हणाल्या. “पी.”

मी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. तो रिकामा होईपर्यंत त्या माझ्यासमोर उभ्या होत्या.